चेकसम पुन्हा पुन्हा जुळत नाही? यादी नव्याने बनवण्याआधी हे तपासा

वाचनालयांची स्कॅन केलेली पुस्तकं, स्टुडिओंचे लग्नाचे फोटो, ओळखीपाळखीच्यांचे घरगुती अल्बम. अशा साठ्यांसाठी मी चेकसमची (फाइलीतल्या डेटावरून निघणारी ठरावीक लांबीची खूण; डेटा बदलला की तीही बदलते) यादी ठेवणारी छोटी स्क्रिप्ट बसवून देतो, आणि वर्षभरात फोन येतात ते बहुतेक एकाच तक्रारीचे: "पडताळणी फेल दाखवतेय, यादी परत बनवू का?" नाही. कारण कळेपर्यंत जुनी यादी जशीच्या तशी राहू द्या. खराब झालेल्या फाइलीवरून नवी यादी बनवली की पुढच्या प्रत्येक पडताळणीत ती खराब फाइल 'ओके' म्हणून पास होते. मग चांगली प्रत दुसऱ्या डिस्कवर असूनही कोणी शोधायला जात नाही.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय; टर्मिनलवर त्या नेहमीसारख्या रोमनमध्येच टाईप करायच्या.

लक्षणं

पडताळणी म्हणजे शा२५६सम या कमांडला 'डॅश सी' देऊन यादी वाचायला लावणं. फाइल जुळली तर नावापुढे 'ओके' येतं, नाही जुळली तर 'फेल्ड', आणि फाइल उघडता किंवा पूर्ण वाचता आली नाही तर 'फेल्ड ओपन ऑर रीड'. शेवटच्या दोघांत लोक हमखास गल्लत करतात. 'फेल्ड' म्हणजे फाइल वाचली, पण आतला डेटा यादीशी जुळला नाही. 'फेल्ड ओपन ऑर रीड' म्हणजे फाइल पूर्ण वाचताच आली नाही, तेव्हा आतल्या डेटाबद्दल अजून काहीच कळलेलं नाही. आधी स्क्रीनवरचा संदेश नीट वाचा, मग यातलं आपलं लक्षण कुठलं ते बघा:

– दर वेळी नेमकी एकच फाइल फेल्ड, बाकी सगळं ओके.
– एकूण एक फाइल 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'.
– 'नो प्रॉपर्ली फॉरमॅटेड चेकसम लाइन्स फाउंड' एवढंच येऊन स्क्रिप्ट थांबते.
– इंग्रजी नावांच्या फायली ठीक, पण देवनागरी नावांच्या काही सापडत नाहीत. सगळ्या नव्हे, फक्त काही.
– मोजक्या फायली फेल्ड, आणि दर वेळी त्याच.
– फेल्ड होणाऱ्या फायली दर वेळी वेगळ्या.
– पडताळणी एखाद्या फाइलीवर येऊन मिनिटंच्या मिनिटं अडकते, मग 'इनपुट आउटपुट एरर'.

पहिल्या चार लक्षणांत डिस्क जवळजवळ कधीच दोषी नसते. पाचव्यात असू शकते. शेवटच्या दोघांत मात्र हातातलं काम बाजूला ठेवा.

यादीतच यादी

एकच फाइल कायम फेल्ड असेल तर तिचं नाव बघा. बहुतेक वेळा ती चेकसमची यादीच असते. शेलमध्ये (टर्मिनलवर कमांड चालवणारा प्रोग्रॅम) 'पेक्षा मोठं' चिन्ह वापरून यादी फाइलीत वळवली, की शेल आधी रिकामी फाइल तयार करतं आणि मग फायली शोधणारी फाइंड ही कमांड चालू होते. फाइंडला ती रिकामी फाइल दिसते, तिचाही चेकसम निघतो, आणि त्यानंतर यादी भरत जाते. म्हणजे ती ओळ कधीच जुळणार नाही.

याची एक खूण पाठ करून ठेवण्यासारखी आहे. शून्य बाइटच्या फाइलीचा शा-२५६ चेकसम नेहमी 'ई३बी०सी४४२' असा सुरू होतो. यादीत ही सुरुवात दिसली की ती फाइल चेकसम काढताना रिकामी होती. यादीच्या ओळीत दिसली तर हसून सोडून द्या. पण 'लग्न_०४१' नावाच्या फोटोपुढे दिसली तर यादी बनवली त्या दिवशीच तो फोटो गेलेला होता, आणि पडताळणी तेव्हापासून इमानेइतबारे 'ओके' म्हणतेय. रिकाम्या फायली शोधायला फाइंडला 'डॅश एम्प्टी' द्या, दोन सेकंदांचं काम आहे.

उपाय: यादी साठ्याच्या फोल्डरबाहेर ठेवा.

स्क्रिप्ट कुठून चालतेय, आणि डिस्क लागलेली आहे का

सगळ्याच फायली सापडत नसतील तर नव्वद टक्के वेळा फोल्डर चुकलेला असतो. यादीतले पत्ते 'टिंब-स्लॅश' ने सुरू होत असतील तर ज्या फोल्डरमधून यादी बनवली तिथूनच पडताळावी लागते. हाताने चालवताना ते आपोआप जमतं. क्रॉनमधून (ठरल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणारी सोय) चालवलं की स्क्रिप्ट होम फोल्डरमधून सुरू होते आणि सगळंच गायब दिसतं. स्क्रिप्टच्या सुरुवातीला सीडी (फोल्डर बदलायची कमांड) करून योग्य जागी जा, आणि सीडी फसलं तर तिथेच बाहेर पडा.

दुसरी शक्यता जास्त धोक्याची आहे. बाहेरची डिस्क लागलेलीच नसते, पण माउंटचा (डिस्क जिथे जोडली जाते तो) फोल्डर असतो आणि तो रिकामा असतो. पडताळणी करणारी स्क्रिप्ट फक्त ओरडेल. दर आठवड्याला यादी 'ताजी' करणारी स्क्रिप्ट असेल तर ती रिकाम्या फोल्डरची रिकामी यादी जुन्या यादीवर लिहून टाकेल. म्हणून मी प्रत्येक डिस्कच्या मुळाशी एक छोटी खुणेची फाइल ठेवतो. ती दिसली नाही तर स्क्रिप्ट काहीच करत नाही. शिवाय 'बनव' आणि 'पडताळ' ही कामं वेगळी ठेवतो: 'बनव' फक्त यादीत नसलेल्या फायलींच्या ओळी शेवटी जोडते, जुन्या ओळीला हात लावत नाही. एखादी फाइल तुम्ही मुद्दाम बदलली असेल तर तिची ओळ हाताने काढायची. हे थोडं कटकटीचं आहे, आणि तसंच हवं.

यादी कुठल्या मशीनवर बनली

फॉरमॅटची तक्रार असेल तर यादी एडिटरमध्ये उघडून पहिली ओळ मोजा. एमडी५ चा चेकसम ३२ अक्षरांचा, शा-१ चा ४०, शा-२५६ चा ६४. एमडी५ ची यादी शा२५६समला दिली तर त्याला एकही ओळ ओळखता येत नाही. एमडी५ ची जुनी यादी असेल तर फेकू नका. मुद्दाम केलेली छेडछाड पकडायला ती भरवशाची नाही, एमडी५ च्या टकरी (दोन वेगळ्या डेटांचा एकच चेकसम) २००४ मध्येच दाखवल्या गेल्या, पण डिस्कवरचा अपघाती बिघाड ती अजूनही व्यवस्थित पकडते.

लांबी बरोबर असेल तर यादी विंडोजवर बनली का ते विचारा. विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेल ५.१ मध्ये मजकूर फाइलीत वळवला की तो यूटीएफ-१६ (अक्षरं साठवायची वेगळी पद्धत) मध्ये जातो. डोळ्यांना ठीक दिसतो, लिनक्सच्या कमांडला कचरा वाटतो. तो यूटीएफ-८ मध्ये बदलून घ्या. आणि विंडोजच्या ओळीच्या शेवटी एक जादा अदृश्य अक्षर असतं, कमांडच्या जुन्या आवृत्त्यांत ते फाइलीच्या नावाला चिकटतं आणि 'अशी फाइल नाही' असं उत्तर येतं. संदेशात नावामागे 'बॅकस्लॅश आर' दिसलं तर हेच. डॉस-टू-युनिक्स चालवा, संपलं.

मॅकवरच्या एमडी५ कमांडची ओळच वेगळी असते, नाव कंसात आणि मग बरोबरचं चिन्ह. तिथे शासम 'डॅश ए २५६' वापरलं तर ओळ लिनक्ससारखी येते.

देवनागरी नावं: 'ऱ्या'चा घोळ

मराठीत फायलींना नावं देणाऱ्यांना हा त्रास हमखास होतो, आणि इंग्रजीतल्या सूचना वाचून तो सुटत नाही. लक्षण असं: 'पुणे', 'नाशिक', 'कोकण' सापडतात, 'साताऱ्याचे फोटो', 'शेतकऱ्यांची पत्रं', 'दुसऱ्या खंडाची पानं' सापडत नाहीत. फोल्डर उघडला तर फायली समोर दिसतात, नाव यादीतल्याशी अक्षर न अक्षर सारखं.

दिसतं सारखं, बाइट वेगळे असतात. युनिकोडमध्ये 'ऱ' हे एक स्वतंत्र अक्षर आहे, आणि तेच अक्षर 'र' अधिक खालचा नुक्ता अशा दोन तुकड्यांतही लिहिता येतं. दोन्ही रूपं युनिकोडच्या लेखी समान. लिनक्स मात्र नाव म्हणजे निव्वळ बाइटची रांग मानतं, त्याला ही दोन वेगळी नावं वाटतात. मॅकची जुनी एचएफएस-प्लस फाइल सिस्टिम नावं तोडून, म्हणजे दोन तुकड्यांच्या रूपात साठवते. नवी एपीएफएस जसं दिलं तसं ठेवते, पण शोधताना दोन्ही रूपं एकच धरते. त्यामुळे मॅकवर सगळं जुळतं आणि त्याच फायली आणि तीच यादी लिनक्सवर आणली की 'ऱ्या'वाली नावं तेवढी गळतात.

खात्री करायची असेल तर फाइलीचं नाव हेक्सडंपमधून (बाइटचे आकडे दाखवणारी कमांड) बघा. अखंड 'ऱ' असेल तर 'ई० ए४ बी१' हे तीन बाइट दिसतील. तुटलेला असेल तर 'ई० ए४ बी०' आणि त्यामागे 'ई० ए४ बीसी'. इथे 'ई२ ८० ८डी' दिसलं तर प्रकरण आणखी वेगळं: काही कीबोर्ड 'ऱ्या' लिहायला साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडअक्षर वापरतात. पडद्यावर तोच 'ऱ्या', पण युनिकोडच्या नियमानेही हे रूप पहिल्या दोघांशी समान नाही. 'ॲ'चंही तसंच: 'ॲल्बम' एका कीबोर्डवर अखंड अक्षराने लिहिला जातो, दुसऱ्यावर 'अ' वर अर्धचंद्र देऊन.

पहिल्या प्रकाराला उपाय सोपा. कॉन्व्हएमव्ही नावाची कमांड 'डॅश डॅश एनएफसी' देऊन चालवा. ती आधी फक्त काय बदलणार ते दाखवते, आणि 'डॅश डॅश नोटेस्ट' दिल्यावरच खरोखर नावं बदलते. दाखवलेलं आधी वाचा. यादीतली नावंही त्याच रूपात आणावी लागतात, त्यासाठी यूकॉन्व्ह आहे. अदृश्य जोडअक्षराच्या आणि 'ॲ'च्या घोळाला मात्र असं तयार औषध नाही, शोधा-बदला करावं लागतं.

तेवढा वेळ नसेल तर नावांचा नादच सोडा. चेकसम फाइलीच्या आतल्या डेटाचा असतो, नावाचा त्याच्याशी काही संबंध नाही. साठ्याची एक तात्पुरती यादी वेगळ्या नावाने बनवा, दोन्ही यादींतली पहिली ६४ अक्षरं कापून क्रमाने लावा आणि कॉम कमांडने तुलना करा. जुन्या यादीतला प्रत्येक चेकसम नव्या यादीत कुठल्याही नावाने सापडला, तर एकही बाइट हरवलेला नाही. भांडण फक्त नावांचं आहे. फोल्डर हलवले, नावं बदलली, तेव्हाही मी आधी हेच करतो.

फाइल खरंच बदलली आहे का, आणि कोणी

आता मोजक्याच, दर वेळी त्याच फायली फेल्ड असतील तर. त्या फायलींची बदल-तारीख बघा, स्टॅट कमांड ती सेकंदापर्यंत दाखवते.

तारीख यादीनंतरची असेल तर कुठल्या तरी प्रोग्रॅमने फाइल लिहिली आहे. फोटोंच्या बाबतीत हे फार होतं: कोणीतरी फोटोला तारे दिले, शब्द जोडले, आणि सॉफ्टवेअरने ते जेपेगच्या आतच लिहिले. फोटो दाखवणाऱ्या काही प्रोग्रॅममध्ये 'फिरव' बटण दाबलं की फिरवलेला फोटो मूळ फाइलीवरच साठवला जातो. गाण्यांमध्ये कलाकाराचं नाव दुरुस्त केलं की तेच. आणि हरवलेला फोटो कोणीतरी व्हॉट्सॲपवरून मागवून त्या जागी ठेवला असेल तर तो जुळणारच नाही. तिथे फोटो म्हणून पाठवलेलं चित्र दाबून लहान होतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर जसंच्या तसं येतं.

तारीख जुनीच आहे, आकारही तोच आहे, आणि तरी चेकसम वेगळा आला, तर सावध व्हा. डिस्कवर बिट उलटला तर बहुतेक फाइल सिस्टिमना पत्ता लागत नाही, त्यामुळे तारीख बदलत नाही. बदल-तारीख मुद्दाम जुनी ठेवणारे प्रोग्रॅम असतात खरे, पण ते वापरणाऱ्याला ते बहुधा माहीत असतं. विचारून घ्या.

एक फसवा प्रकार: पेन ड्राइव्ह फॅट-३२ असेल तर त्यावर वेळ स्थानिक घड्याळाप्रमाणे नोंदली जाते, आणि दोन मशीनवर सगळ्या फायलींच्या वेळेत बरोबर साडेपाच तासांचा फरक दिसू शकतो. तो बदल नव्हे.

पुन्हा वाचा, पण कॅशमधून नको

जुन्या तारखेची फेल्ड फाइल सापडली की तिचा चेकसम तीनदा काढा. मात्र लागोपाठ तीनदा काढून उपयोग नाही. पहिल्यांदा वाचलेली फाइल रॅममध्ये राहते आणि पुढच्या दोन्ही वेळा तीच रॅममधली प्रत मोजली जाते. उत्तर सारखंच येणार, चुकीचं असलं तरी. दर वेळी मध्ये डिस्क व्यवस्थित काढून पुन्हा लावा, किंवा रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) होऊन लिनक्सच्या ड्रॉप-कॅशेस या फाइलीत ३ लिहा, म्हणजे रॅममधल्या प्रती सोडल्या जातात. कॉपी केल्या केल्या केलेली पडताळणीही याच कारणाने निरुपयोगी असते.

तिन्ही वेळा एकच चुकीचं उत्तर आलं, तर डिस्कवर लिहिलेलाच डेटा चुकीचा आहे. उत्तर दर वेळी वेगळं आलं, तर डेटा कदाचित शाबूत आहे आणि वाचण्याच्या वाटेत खोट आहे: केबल, यूएसबी हब, डिस्कची पेटी किंवा रॅम. ही बातमी चांगली आहे, फक्त खोट सापडेपर्यंत त्या मशीनवरून काहीही कॉपी करू नका.

चांगली प्रत दुसरीकडे असेल तर सीएमपी 'डॅश एल' ने दोन्ही फायली ताडून बघा. ती प्रत्येक वेगळ्या बाइटची जागा आणि दोन्हीकडचे आकडे आठच्या पद्धतीत दाखवते. एकच ओळ आली, समजा १०१ च्या जागी १४१, तर फक्त एक बिट उलटलाय. अशा वेळी मी आधी रॅमवर संशय घेतो. ४०९६ बाइटचा सलग तुकडा वेगळा असेल तर डिस्क किंवा फाइल सिस्टिम. शेवटचा भाग नुसता शून्यांचा असेल तर कॉपी अर्धवट राहिलीय, बहुधा मध्येच वीज गेली किंवा 'सेफली रिमूव्ह' न करता ड्राइव्ह ओढला.

स्वस्तातल्या मोठ्या पेन ड्राइव्हवर सुरुवातीच्या फायली ओके आणि एका ठरावीक मर्यादेनंतरच्या सगळ्या फेल्ड असतील, तर ड्राइव्ह बनावट असण्याची दाट शक्यता आहे. वर लिहिलेली क्षमता आत नसतेच. एफ३ नावाचं साधन तो पूर्ण भरून आणि वाचून खरा आकार सांगतं. ड्राइव्ह भरला जात असल्याने आधी त्यावरचं जे वाचतं ते दुसरीकडे घ्या.

केबल, रॅम, डिस्क

आता वेळखाऊ काम. केबल आधी बदला, कारण ती सर्वात स्वस्त. मग स्मार्टसीटीएल 'डॅश ए' ने डिस्कची नोंद वाचा. मी हार्ड डिस्कच्या चारच ओळी बघतो. १९९ क्रमांकाची ओळ, सीआरसी एरर, वाढत असेल तर दोष बहुतेक केबलचा किंवा जोडणीचा. ५, १९७ आणि १९८ या ओळी डिस्कच्या पृष्ठभागाबद्दल बोलतात: बदललेले सेक्टर, वाचता न आलेले आणि निकालाची वाट बघणारे सेक्टर, दुरुस्त न होणारे सेक्टर. १९७ शून्याच्या वर असेल आणि आठवड्याने आणखी वाढलेला दिसला तर ती डिस्क साठ्यातून बाद. 'पास्ड' असा एकंदर शेरा असला तरी त्यावर जाऊ नका. आकडे वाढत असतानाही तो शेरा तसाच राहू शकतो. काही यूएसबी पेट्या ही नोंद पुढे जाऊच देत नाहीत, तेव्हा डिस्क पेटीतून काढून थेट जोडावी लागते.

रॅमसाठी मेमटेस्ट८६-प्लस पेन ड्राइव्हवरून बूट करून रात्रभर चालू ठेवा. एकही चूक दाखवली तरी रॅम बदला. 'एवढी चालते' असं रॅमच्या बाबतीत नसतं.

या सगळ्यात वेळ जातो हे मान्य. सेकंदाला १०० एमबी वेगाने एक टीबी वाचायला पावणेतीन तास लागतात, आणि जुन्या यूएसबी २.० पोर्टवर त्याच्या जवळपास तिप्पट. म्हणून पूर्ण पडताळणी रात्री लावा, आणि दिवसा फक्त फेल्ड झालेल्या फायलींवर काम करा.

इथे थांबा

डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल, ती फिरायला लागून पुन्हा बंद पडत असेल, किंवा 'इनपुट आउटपुट एरर' वाढत चालल्या असतील आणि तो डेटा दुसरीकडे कुठेही नसेल, तर पडताळणी ताबडतोब बंद करा. चेकसम काढणं म्हणजे साठ्यातली प्रत्येक फाइल पहिल्या बाइटपासून शेवटच्यापर्यंत वाचणं. मरायला टेकलेल्या डिस्ककडून ते करून घेऊ नये. एफएससीके किंवा चेकडिस्कही चालवू नका. ती साधनं फाइल सिस्टिम सरळ करतात, त्या भरात फायलींचे तुकडे गेले तरी त्यांना चालतं.

आवाज नसेल, डिस्क ओळखली जात असेल आणि डेटा महत्त्वाचा पण जिवाचा नसेल, तर जीएनयू डीडीरेस्क्यूने तिची पूर्ण प्रतिमा (सेक्टर न सेक्टर उतरवलेली प्रत) नव्या डिस्कवर घ्या आणि पुढचं सगळं त्या प्रतिमेवर करा. ते सोपं सोपं आधी वाचतं, अवघड जागा शेवटी, आणि मॅप फाइल दिली तर कुठवर आलं याची नोंद ठेवतं. आवाज येत असेल तर हेही नको. बंद करा, आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्या प्रयोगशाळेकडे द्या. कोपऱ्यावरच्या दुकानात नव्हे. तिथला 'एकदा फॉरमॅट मारून बघू' हा सल्ला मी बऱ्याच जणांकडून ऐकलाय. डिस्क देताना आधी तपासणी आणि खर्चाचा अंदाज लेखी मागा, आणि सोबत जुनी चेकसम यादी द्या. परत आलेल्या फायलींपैकी कुठल्या खरोखर पूर्ण आहेत आणि कुठल्या नुसत्या नावाला आहेत, ते त्या यादीवरूनच कळतं.

वाचनालयांना मात्र मी लॅबचा खर्च सहसा करू देत नाही. मूळ पुस्तक कपाटात असेल तर तेवढी पानं पुन्हा स्कॅन करा. नव्या स्कॅनचा चेकसम जुन्याशी जुळणार नाही, तेच पान, तोच स्कॅनर असला तरी. त्या फाइलीची जुनी ओळ काढून नवी जोडा, आणि बदलाची तारीख यादीशेजारच्या एका साध्या टेक्स्ट फाइलीत लिहून ठेवा.